गवयांच्या जबान्या : साधन म्हणून त्यांची योग्यता

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे सनदा, दप्तरें, बखरी व बाडें हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. गाणाऱ्या-बजावणाऱ्या माणसांनीं आपल्या आयुष्याविषयीं व विद्येविषयीं सांगितलेल्या, आणि कोणी तरी लिहून घेतलेल्या, हकीकती या पंक्तींत बसवाव्या कीं नाहीं याविषयीं संग्राहकांत एकमत नाहीं. कोणी त्यांस बैठकींतल्या गप्पा समजून बाजूस सारतात. कोणी गुरुवचन म्हणून त्यांतील अक्षरन् अक्षर खरें मानतात. आमच्या मतें दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. हकीकत कोणीं, कोणास व कशासाठीं सांगितली, हा प्रश्न ते विचारीतच नाहींत. बखरीस जी कसोटी आपण लावतों तीच या जबान्यांस लावली असतां काय निष्पन्न होतें, तें एका उदाहरणावरून पाहूं.

अल्लादियाखां (१८५५–१९४६) यांचा जन्म राजपुतान्यांतील उणियारा येथला. १८९५ च्या सुमारास ते कोल्हापुरास शाहू छत्रपतींच्या पदरीं राहिले, आणि १९२२ सालीं महाराज निवर्तल्यावर मुंबईस गेले. उतारवयांत त्यांनीं आपली हकीकत नातू अझीझुद्दीनखां यांस सांगितली व नातवानें ती उर्दूंत उतरून घेतली. तिचें इंग्रजी भाषांतर अमलान दासगुप्त व ऊर्मिला भिरडीकर यांनीं करून २००० सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं, १९५४ सालीं, गोविंदराव टेंबे यांनीं मराठींत खांसाहेबांचें चरित्र लिहिलें होतें. म्हणजे एकाच पुरुषाविषयीं एक घरची जबानी आणि एक बाहेरच्या, परंतु जाणत्या, माणसाची साक्ष आज आपणांपुढें आहे. असा योग संशोधकास क्वचित् लाभतो.

या जबानींतील मजकूर एका तोलाचा नाहीं. त्याचे तीन वर्ग पडतात, व प्रत्येकाची कसोटी निराळी आहे.

पहिला वर्ग वंशकथेचा. खांसाहेबांचें घराणें मूळचें आद्य गौड ब्राह्मणांचें, गोत्र शांडिल्य, मूळपुरुष नाथ विश्वंभर, आणि विद्येचा संबंध स्वामी हरिदासांशीं, असें सांगण्यांत येतें. मधल्या कित्येक पिढ्यांस समकालीन कागद नसल्यामुळें वंशावळ म्हणून हें आम्हीं ग्राह्य धरणार नाहीं. परंतु एवढ्यावर हें प्रकरण संपतें असें समजणें चुकीचें होईल. वतनाच्या तंट्यांत देशमुख-देशपांडे जो करीना लिहून देत, त्याची येथें आठवण व्हावी. करीन्यांतील पहिल्या चार पुरुषांविषयीं आपण साशंक असतों. तरी करीना आपण फेकून देत नाहीं, कारण लिहून देणाराचा हक्क काय होता व तो त्यास कशाच्या बळावर मागावासा वाटला, हें त्यांतून निर्विवाद कळतें. गवयाचें वतन म्हणजे त्याची विद्या. ती दरबारांत ज्या मोलानें मानली जावी असें त्याला वाटतें, त्या मोलाचा दावा त्याच्या वंशकथेंत असतो. मुसलमान घराण्यांतील गवई आपलें गोत्र सांगतो व तें अभिमानानें सांगतो, यावरून नाथ विश्वंभराचा काल ठरत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकांतील दरबारी गवयाची प्रतिष्ठा कशावर उभी होती, हें त्यावरून ठरतें. सवाल बदलला कीं तोच पुरावा उपयोगीं पडतो.

दुसरा वर्ग प्रवासाचा व चाकरीचा. कोणत्या संस्थानांत गेलों, कोणाचें गाणें ऐकलें, कोणीं आश्रय दिला, या गोष्टी पडताळून पाहतां येण्याजोग्या आहेत. कोल्हापूर दरबारचे कागद तेथील पुरालेखागारांत आहेत. राजपुतान्यांतील व माळव्यांतील लहान ठाण्यांची स्थिति तितकी सोयीची नाहीं, परंतु शोध घेण्याची दिशा जबानीनेंच दाखविलेली असते. येथें स्मरणाच्या चुका होणारच. वृद्ध मनुष्य सालें विसरतो व दोन मुक्कामांचा एक करतो; पण बिदागी, मानापमान आणि मालकाचा स्वभाव तो सहसा विसरत नाहीं. म्हणून क्रमासाठीं दप्तर पाहावें आणि कारणांसाठीं जबानी ऐकावी, असा आमचा अभिप्राय आहे.

तिसरा वर्ग कसबाचा, आणि आमच्या दृष्टीनें हाच सर्वांत मोलाचा. आमलेटा या ठिकाणीं अतोनात गावें लागल्यामुळें खांसाहेबांचा आवाज गेला. पुढें तो परत आला, परंतु पूर्वीचा राहिला नाहीं. त्या बदललेल्या आवाजास झेपेल अशी गायकी त्यांनीं पुढें घडविली. जयपूर-अत्रौली म्हणून जी गायकी आज ओळखली जाते तिच्या मुळाशीं ही आपत्ति आहे. ही हकीकत आम्ही इतर कोणत्याही भागाहून अधिक विश्वसनीय मानतों. गवयानें स्वतःचा गळा बिघडल्याचें सांगणें हें त्याच्या हिताविरुद्धचें विधान आहे, आणि स्वहिताविरुद्धच्या विधानास न्यायालयांतही वजन असतें. शिवाय खांसाहेबांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाहीं. केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या मुद्रिका ऐकूनच मूळ गायकीचें अनुमान करावें लागतें. आणि ती तशी कां झाली, हें सांगणारा पुरावा या जबानीवांचून फारसा नाहीं.

आतां लिहून घेणाराकडे वळूं, कारण अशा प्रत्येक लेखांत दोन हात असतात. नातू घरचा व स्वतः गाणारा. त्यास जें ठाऊकच होतें तें तो विचारणार नाहीं. घरच्या माणसाच्या टिपणांत मौन आढळलें, तर तें अज्ञान समजूं नये. उलट पक्षीं विष्णु नारायण भातखंडे यांचें उदाहरण घ्यावें. ते पेशानें वकील. १९०४ सालीं दक्षिणेंत व पुढें उत्तरेंत फिरून त्यांनीं गवयांस प्रश्न केले व प्रवासाच्या रोजनिशा लिहिल्या. एट्टयपुरम् येथें सुब्बराम दीक्षितर यांच्याशीं त्यांचें बोलणें झालें, आणि त्या भेटीमुळें व्यंकटमखीच्या चतुर्दंडिप्रकाशिकेची प्रत त्यांच्या हातीं आली. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं हें विसरूं नये: ग्रंथाची वाट येथें गवयाच्या ओसरीवरून गेली. दीक्षितर स्वतः ग्रंथकार होते, म्हणून ग्रंथाचा प्रश्न तेथें फळला. हाच प्रश्न उत्तरेंतील ज्या उस्तादांची विद्या सर्वस्वीं कंठांत होती त्यांस केला असतां उत्तर ‘ठाऊक नाहीं’ असेंच यावयाचें. आणि प्रश्नाच्या दोषामुळें आलेलें तें उत्तर गवयाच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून नोंदलें गेलें. १९१० पासून १९३२ पर्यंत चार भागांत निघालेल्या ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ ग्रंथांत तर सर्व विषय गुरुशिष्यसंवादांत घातला आहे. त्यांत गवयांच्या भेटी कित्येक ठिकाणीं नांवावांचून येतात. शिक्षणास ही रचना सोयीची खरी. परंतु साधन म्हणून त्या संवादापेक्षां कच्ची रोजनिशी आम्ही श्रेष्ठ मानतों. भातखंड्यांचें ऋण मान्य करूनच आम्ही हें म्हणतों.

बा. र. देवधर यांचीं ‘थोर संगीतकार’ मधील चरित्रें या दोहोंच्या मधलीं आहेत. देवधर स्वतः गायक, परंतु गवयांच्या घरांत जन्मलेले नव्हत. म्हणून त्यांच्या प्रश्नांत जाणकारी आहे आणि कुतूहलही आहे. सांगणारा कोठें थांबला, कोठें चिडला, कोणती चीज गाऊन दाखविली, अशा बाबी टिपावयास असाच लेखक लागतो.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच. चिजांच्या वह्या आपण जपतां. त्यांच्या समासांतील व सुट्या कागदांवरील टिपणेंही जपावीं. कोणा वृद्ध साजिंद्याशीं किंवा गवयाशीं बोलणें झालें, तर दिवस, स्थळ, भाषा, हजर असलेलीं माणसें आणि आपले प्रश्न हीं उत्तरांबरोबरच लिहून ठेवावीं. फिरत, गमक, बोलतान यांसारखे कसबाचे शब्द सांगणाराच्या तोंडचे तसेच ठेवावे. त्यांचा अर्थ द्यावयाचा तो बाजूस द्यावा. शुद्ध नक्कल झाली म्हणून कच्चा कागद जाळूं नये. नकलेंत लेखकाचा हात स्वच्छ होतो, परंतु त्याच वेळीं तो दिसेनासा होतो. आणि दोन हातांपैकीं एक दिसेनासा झाला, म्हणजे दुसऱ्याची साक्ष तपासण्याचा मार्गच उरत नाहीं.