दोन गुंठ्यांची करणी: नववीच्या ‘वास्तव संख्या’ या धड्याविषयी

आधी एक छोटंसं काम करा. ५३ ला ८३ ने भागा. बारा आकडी कॅल्क्युलेटरवर ०.६३८५५४२१६८६ असं दिसेल. आता सांगा, ५३/८३ ही संख्या परिमेय की अपरिमेय?

वरवर पाहता यात प्रश्नच नाही. दोन पूर्णांकांचा भागाकार समोर लिहिलाय, म्हणजे परिमेय, विषय संपला. पण कॅनडातल्या रिना झाझ्किस आणि नताशा सिरोटिक या संशोधकांनी अगदी हाच प्रश्न, कॅल्क्युलेटरवरच्या आकड्यांसकट, माध्यमिक शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना विचारला होता. ही सगळी गणित शिकलेली माणसं. तरी त्यांतले बरेच जण गडबडले, कारण आकडे पुन्हा येताना दिसत नाहीत. येतात हो, पण ४१ आकड्यांनंतर. कॅल्क्युलेटरची खिडकी तेवढी लांब नाही.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांमध्ये नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसणं हा सध्या माझ्या पीएचडीचा भाग आहे. (आसनगावपर्यंत लोकल, मुरबाडला कल्याणहून एसटी. संशोधनाचा निम्मा वेळ प्रवासातच जातो.) मुलं वहीत दोन रकाने आखतात, डावीकडे परिमेय, उजवीकडे अपरिमेय. मग मी विचारते, ‘ही संख्या इथे का टाकलीस?’ बरोबर उत्तरापेक्षा मला या ‘का’मध्ये जास्त रस असतो. एका मुलीने २२/७ उजवीकडे टाकलं होतं. का? ‘मॅडम, ते पाय आहे ना.’ तिच्याच शेजारणीने पाय डावीकडे टाकला होता. का? ‘ते बावीस सप्तमांश आहे ना.’ म्हणजे उत्तरं उलटी, पण दोघींचं म्हणणं एकच! मागच्या बाकावरच्या एका मुलाने ०.१०१००१०००… ही संख्या आवर्ती ठरवली, कारण ‘पुढे काय येणार ते कळतंय की.’ मला हे उत्तर फार आवडलं. परीक्षेत त्याला शून्य मिळेल, पण त्याने नियम शोधलाय आणि तो नियम खराच आहे. आवर्ती म्हणजे ‘नियम असलेलं’ नव्हे, ‘तोच गट पुन्हा पुन्हा येणारं’, एवढाच फरक आहे, आणि तो त्याला कुणी कधी उलगडून दाखवलेला नाही.

या मुलांवर किंवा त्यांच्या शिक्षकांवर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती धड्याच्या मांडणीवर, आणि आज तीच लिहायला बसलेय.

बालभारतीच्या आठवीच्या गणिताचा पहिलाच धडा ‘परिमेय व अपरिमेय संख्या’, आणि नववीच्या गणित भाग १ मधला दुसरा धडा ‘वास्तव संख्या’. या धड्यांतलं गणित बरोबर आहे, हे आधीच सांगते. आठवीत कंपास घेऊन √२ संख्यारेषेवर दाखवायला शिकवलंय, ते सुंदरच आहे. पाय ही अपरिमेय संख्या असून २२/७ ही तिची फक्त जवळपासची किंमत आहे, हेही सांगितलंय. नववीत √२ अपरिमेय असल्याची सिद्धता आहे. अडचण आहे ती भर कशावर दिलाय याची. मुलाच्या डोक्यात शेवटी उरतात ते तीन शब्द: खंडित, अखंड आवर्ती, अखंड अनावर्ती. म्हणजे दशांश चिन्हानंतर संख्या दिसते कशी, यावरून तिची जात ठरवायची. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकाचीही वाट साधारण हीच आहे, त्यामुळे हे दुखणं फक्त आपलं नाही.

पण ही वाट एकेरी आहे. अपूर्णांकाकडून दशांशाकडे जाताना ती छान चालते. ८३ ने भागताना बाकी १ ते ८२ यांपैकीच एखादी उरणार (शून्य उरली तर भागाकारच संपला). बाक्या इतक्याच, म्हणजे कधी ना कधी जुनी बाकी परत येणार, आणि ती आली की पुढचं सगळंच परत येणार. पाच मिनिटांत फळ्यावर होतं हे, आणि मुलांना पटतं. उलट दिशेने मात्र रस्ता बंद आहे. समोर नुसते आकडे आणि पुढे तीन ठिपके असतील, तर बारा काय आणि बारा कोटी काय, कितीही आकडे पाहून ‘हे कधीच आवर्ती होणार नाही’ असं म्हणता येत नाही. पाय आणि ई या दोन प्रसिद्ध अपरिमेय संख्यांची बेरीज घ्या. तिचे हवे तेवढे आकडे संगणक काढून देतो, पण ती बेरीज परिमेय आहे की अपरिमेय हे आजही जगात कुणाला माहीत नाही. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘मग आम्हाला एका मार्काला कसं विचारतात?’

आता जरा धान्याच्या मापांकडे जाऊ. पायली, शेर ही नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजही तोंडपाठ असतात. शेराचं अर्धं मापटं, मापट्याचं अर्धं चिपटं, मग कोळवं, मग निळवं. सगळीकडे निम्म्याने उतरत जायचं. एका शेरात १६ निळवी. या मापांनी एक तृतीयांश शेर भात मोजून द्या बघू! पाच निळवी भरली की थोडं उरतं, सहावं पुरतं भरत नाही. निळव्याचंही अर्धं, त्याचंही अर्धं करत बसलात तरी हेच होणार. यात दोष एक तृतीयांशाचा नाही, आपल्या मापांचा आहे. शेराचे तीन भाग करणारं एक नवं माप आणलं की काम झालं.

दशांश लिहिणं म्हणजेही मापणंच. फक्त तिथे दरवेळी निम्मं न करता दहावा भाग करायचा. ०.३३३… कधी संपत नाही, कारण दहाच्या मापांना तीन झेपत नाही. म्हणजे ‘खंडित की अखंड’ हा प्रश्न संख्येइतकाच दहाचाही आहे. ‘अपरिमेय’ हे त्याहून फार मोठं विधान आहे: कुठलंही माप आणा, हवं तेवढं लहान आणा, एककाला आणि या लांबीला दोन्हींना नेमकं पुरं पडेल असं माप अस्तित्वातच नाही.

गंमत म्हणजे शब्दातच हे सगळं लिहिलंय. परिमेय म्हणजे मापता येण्याजोगं. इंग्रजी शब्दात गुणोत्तर आहे, आपल्या शब्दात माप आहे. पण वर्गात हा शब्द नुसतं लेबल म्हणून येतो, आणि मुलं त्याचा अर्थ बोली मराठीतून लावतात. मराठीत माणसंही ‘मोजतात’ आणि जमीनही ‘मोजतात’. त्यामुळे अपरिमेय म्हणजे ‘मोजता येणार नाही इतकं’, म्हणजे आकडे फार असलेलं. मग एक तृतीयांश उजव्या रकान्यात गेलं तर नवल काय? केरळचे गणिती नीलकंठ सोमयाजी यांनी सुमारे ५०० वर्षांपूर्वी आर्यभटीयावरच्या भाष्यात पायबद्दल जे लिहिलं, ते नेमकं मापाच्या भाषेत आहे: ज्या मापाने व्यास बाकी न उरता मोजला जातो, त्याच मापाने परीघ मोजला की काहीतरी उरतंच. हे खरं असल्याची सिद्धता पुढे १७६१ मध्ये लँबर्टने दिली. पण विधान किती स्वच्छ आहे बघा, त्यात एकही ठिपका नाही.

नववीच्या धड्यात आणखी एक शब्द येतो, करणी. √२, √३ वगैरेंना आपण करणी म्हणतो. हा शब्द फळ्यावर आला की वर्गात खसखस पिकते, कारण गावात करणी म्हणजे कुणीतरी कुणावर केलेली! शिक्षक हसू दाबून पुढे जातात. पण थांबून शब्दाचा उगम सांगितला, तर अख्खा धडा हातात येतो असं माझं मत आहे.

शहापूर-मुरबाडच्या मुलांना गुंठा समजावून सांगावा लागत नाही, प्लॉटच्या जाहिराती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. चौरस प्लॉट असेल तर बाजू बरोबर ३३ फूट. आता दोन गुंठ्यांचा चौरस प्लॉट पाडायचाय, बाजू किती? पहिलं उत्तर बहुतेक वेळा ६६ येतं. आकृती काढली की लक्षात येतं, हे तर चार गुंठे झाले! मग अंदाज सुरू होतात. ४६ फूट कमी पडतात, ४७ जास्त होतात. ४६ फूट ८ इंच? जवळजवळ. चार इंचांचं माप घेतलं तर ३३ फुटांत ते ९९ वेळा बसतं आणि ४६ फूट ८ इंचांत १४० वेळा. ९९ च्या वर्गाची दुप्पट १९६०२, १४० चा वर्ग १९६००. दोनने चुकलं. म्हणजे प्लॉटमध्ये चार इंची चौकोनाचे फक्त दोन तुकडे कमी पडले.

शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी दोरीने आखण्याच्या ग्रंथांत, दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाच्या बाजूला ‘द्विकरणी’ म्हणतात. दोन करणारी, ती करणी. म्हणजे दोन गुंठ्यांच्या प्लॉटची बाजू हीच एक गुंठ्याची द्विकरणी. बौधायनाने तिची जवळची किंमत दिलीय: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. हिशोब केलात तर ५७७/४०८ येतात. ५७७ चा वर्ग ३३२९२९, आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. फक्त एकने हुकलं! मुरबाडच्या मुलांची सहल नाणेघाटात हमखास जाते. तिथल्या सातवाहनकालीन लेखात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणांचे आकडे कोरलेले आहेत, भारतात सापडलेल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी ते आहेत. ती झाली गणती, सगळ्या पूर्ण संख्या. त्याच यज्ञांच्या वेदी आखायला मात्र द्विकरणी लागते. आपल्याच परिसरातलं हे उदाहरण पुस्तकात नाही म्हणून मी रागावणार नाही, राज्यभराच्या पुस्तकात प्रत्येक तालुका कसा येणार? पण शिक्षकाला ते वापरता येईल एवढी फट धड्यात हवी.

आता खरा प्रश्न: दोनने चुकलं, एकने चुकलं, तर आणखी बारीक माप घेऊन कधी शून्याने चुकेल का? इथे आल्यावर मुलं सिद्धता मागतात. आधी ठिपके दाखवून मग सिद्धता दिली की ती कुणालाच नको असते, कारण उत्तर तर पुस्तकाने आधीच सांगितलेलं असतं.

पुस्तकातली सिद्धता सम संख्यांवरून जाते. मी वर्गात शेवटच्या अंकाची वापरते, ती पचायला सोपी जाते. समजा दोन्ही बाजूंना पुरं पडणारं माप मिळालं, आणि ते शक्य तेवढं मोठं घेतलं. जुन्या बाजूत ते ब वेळा बसतं, नव्या बाजूत अ वेळा, आणि अ आणि ब यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही (असता, तर आणखी मोठं माप चाललं असतं). मग अ चा वर्ग हा ब च्या वर्गाची दुप्पट असायला हवा. कुठल्याही वर्गसंख्येचा शेवटचा अंक ०, १, ४, ५, ६, ९ यांपैकीच असतो. वर्गाची दुप्पट केली तर शेवटी ०, २ किंवा ८. दोन्ही यादींत असलेला अंक एकच, शून्य. म्हणजे अ च्या शेवटी ०, आणि ब च्या शेवटी ० किंवा ५. मग दोघांनाही ५ ने भाग जातो. पण सामाईक विभाजक नाही असं तर आपण आधीच ठरवलं होतं. म्हणजे असं माप नाहीच. एवढं झाल्यावर एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे न बघता कळलं.’

माझ्या या मांडणीला आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. एका शिक्षकांनी मला सरळ विचारलं, परीक्षेत ‘वर्गीकरण करा’ येतं, गुंठे येत नाहीत, तुमच्या पद्धतीने धडा दोन तासिकांऐवजी पाच घेणार, त्या तीन मी कुठून आणू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय गुंठ्याने √२ हाताशी येतो, पाय येत नाही. पायची सिद्धता शाळेत होणारच नाही, तिथे पुस्तकावर विश्वास ठेवावा लागेल. पण विश्वास ठेवतोय हे तरी मुलांना सांगावं. आणि २२/७ घेऊन उदाहरण सोडवताना ‘पाय = २२/७’ असं बरोबरचं चिन्ह लिहिणं थांबवता आलं, तरी त्या दोन शेजारणींचा घोळ निम्मा मिटेल.

शेवटच्या अंकाची युक्ती तीन गुंठ्यांच्या चौरसालाही चालते, मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने ती करून दाखवली. सहा गुंठ्यांना मात्र चालत नाही, तिथे दोन्ही याद्यांत ०, ४ आणि ६ असे तीन अंक निघतात आणि गाडी अडते. √६ अपरिमेय आहेच, मग तिथे काय करायचं? कागद घ्या आणि बघा सुटतंय का.