जोडीदाराच्या गोळीचा हिशोब कुणाच्या खात्यावर?

परम्याचा रुग्ण उपचार घेतो, बरा होतो आणि काही आठवड्यांनी तीच तक्रार घेऊन परत येतो. दर वेळी औषधच फसलेलं असतं असं नाही. अनेकदा जोडीदारावर उपचार झालेले नसतात. मग जोडीदाराच्या गोळ्या रुग्णाच्याच हाती दिल्या तर?

या प्रश्नावर सगळे ज्याचा दाखला देतात तो सिएटलमधला अभ्यास मॅथ्यू गोल्डन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्याला जोडीदारासाठी औषध. पुन्हा संसर्ग आढळला तो पहिल्या गटात 13 टक्के, दुसऱ्यात 10 टक्के रुग्णांना. फक्त परमा पाहिला तर फरक मोठा आहे: 11 विरुद्ध 3. अभ्यास नेटका आहे, यात वाद नाही.

पण हे आकडे कुणाचे आहेत ते बघा. तपासणी झाली ती परत आलेल्या रुग्णाची. जोडीदाराचं काय झालं, हे या आकड्यांत येतच नाही.

हीच पद्धत आपल्या घाटीच्या ओपीडीत आणून बघा. आपल्याकडे लक्षणांवरून रंगीत किट देतात. पुरुषाला लघवीच्या जागेतून पू येत असेल तर राखाडी किट: अ‍ॅझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम, सेफिक्झिम 400 मिलिग्रॅम. समजा, तेच किट नवऱ्याने घरी नेऊन बायकोला दिलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. तिच्या ओटीपोटात दुखत असेल, संसर्ग गर्भाशयापर्यंत गेला असेल, तर एका डोसने भागत नाही. दोन आठवडे औषध लागतं. एचआयव्ही आणि गरमीची तपासणी राहते ती राहतेच.

राणी आणि अभय बंग यांचा 1989 चा गडचिरोलीचा अभ्यास आठवा. दोन गावांतल्या 650 बायकांपैकी 92 टक्क्यांना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. अशा ठिकाणी घरपोच गोळी ही सोय ठरेल, की तपासणी टाळायला आणखी एक निमित्त?

तुम्ही म्हणाल, काहीच न मिळण्यापेक्षा गोळी बरी. मान्य. म्हणून किट द्याच, पण सोबत तिच्या नावाची चिठ्ठीही द्या, आणि ती तपासणीला आली का, हे मोजा. नवरा पुन्हा आजारी पडला नाही, म्हणजे बायको बरी झाली असं होत नाही.