दुपारचं वाचन : काशीबाई कानिटकर आणि घरातली वाचक

नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ १८६८ साली प्रसिद्ध केली, तेव्हा प्रस्तावनेत लेखकाची एक अडचण सांगितली. आपल्या लोकांच्या लग्नाच्या चाली आणि एकूण राहणी अशी, की त्यात वाचकाला गुंगवावं असं काही घडतच नाही. नेहमीच्या गोष्टी लिहाव्या तर त्यात मनोरंजक काही सापडत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मराठी कादंबरीच्या इतिहासात ही प्रस्तावना पुष्कळदा येते आणि अद्भुतरम्यतेचं समर्थन म्हणून तिची वासलात लावली जाते. माझं लक्ष मात्र त्या ‘काही घडत नाही’वर अडकतं. ओटीवर बसून घराकडे पाहणाऱ्याला तसं वाटलं असेलही. माजघरात त्याच वर्षांत आठ-नऊ वर्षांच्या मुली सासरी येत होत्या, चौदाव्या-पंधराव्या वर्षी बाळंत होत होत्या, आणि नवरा मेला तर केस उतरवून कोपऱ्यात बसवल्या जात होत्या. याला घडणं म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ निघाली ते साल १८६१. त्याच साली काशीबाई कानिटकरांचा जन्म झाला. नवव्या वर्षी लग्न. शाळा नाही. वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, घरातच. पुढे इंग्रजीही तसंच शिकल्या. नवरा गोविंदराव न्यायखात्यात, स्वतः कवी आणि सुधारकांच्या गोटातला, म्हणजे वाचण्याला त्याची आडकाठी नव्हती. पण नवऱ्याची परवानगी म्हणजे घराची परवानगी नव्हे, हे रमाबाई रानड्यांच्या आठवणी (१९१०) वाचलेल्या कुणालाही ठाऊक आहे. न्यायमूर्तींच्या घरातसुद्धा शिकणाऱ्या सुनेला इतर बायकांचे टोमणे चुकले नाहीत. बाईच्या वाचनाची तक्रार सहसा पुस्तकाविरुद्ध नसतेच. तक्रार असते वेळेविरुद्ध. जो वेळ घराचा, तो हिने स्वतःसाठी कसा घेतला?

काशीबाईंचं आत्मचरित्र सरोजिनी वैद्य यांच्या संपादनामुळे आपल्याला वाचायला मिळालं, आणि मीरा कोसंबी यांनी २००८ मध्ये इंग्रजीत त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक केलं. दोन्हींत भर लेखिका काशीबाईंवर आहे, आणि तो रास्तच आहे. ‘रंगराव’ (१९०३) ही कादंबरी लिहिणाऱ्या, अगदी पहिल्या पिढीतल्या मराठी कादंबरीकार बाई त्या. मला या लेखात त्यांच्या आधीच्या काशीबाई हव्या आहेत : लिहिणाऱ्या नव्हे, वाचणाऱ्या. बदलीच्या गावी बिऱ्हाड लावणारी, मुलंबाळं आणि पै-पाहुणा सांभाळणारी आणि मिळेल त्या वेळात पुस्तक उघडणारी बाई. कारण माझा दावा असा आहे, की मराठी कादंबरीने घराकडे तोंड वळवलं त्यात या वाचणाऱ्या बाईचा हात आहे. समीक्षेने तो हिशेबात कधी नीट धरला नाही.

हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ १८९० मध्ये सुरू केलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ हप्त्याहप्त्याने येऊ लागली. रिसबुडांना ज्या घरात काही सापडलं नव्हतं, त्याच घराच्या माजघरातून ती कादंबरी बोलते. यमू स्वतःची हकिकत स्वतः सांगते. लिहिणारे हरिभाऊ, आवाज यमूचा. हा आवाज त्यांना कुठून मिळाला, या प्रश्नाला एकच उत्तर नसणार. पण काशीबाईंशी त्यांची दीर्घ वाङ्मयीन मैत्री होती, त्यांच्या मताला ते किंमत देत होते, हे प्रसिद्ध आहे. घरातली बाई आपलं वाचणार आहे आणि खोटं असेल तर ओळखणार आहे, ही जाणीव लेखकाला असली की स्वयंपाकघर सजावटीपुरतं ठेवता येत नाही.

हप्त्याचा मुद्दाही मला महत्त्वाचा वाटतो. सलग चार तास वाचायला मिळतील असा वाचक गृहीत धरून लिहिलेली कादंबरी वेगळी आणि दर आठवड्याला थोडी थोडी येणारी वेगळी. घरातली बाई तुकड्यातुकड्याने वाचते. जेवणं उरकली, भांडी लागली, मूल निजलं, की पाऊण तास. मध्येच दार वाजतं. खुणेसाठी हाताला लागेल ती वस्तू : दुधाचा हिशेब लिहिलेला कागद, केसातला आकडा. साप्ताहिकाचा हप्ता या दिवसात चपखल बसतो. आपण ‘हप्तेबंद कादंबरीचा सैलपणा’ म्हणून ज्याला नावं ठेवतो, त्यातला बराचसा भाग, म्हणजे मागचं पुन्हा सांगणं, पात्राची ओळख परत करून देणं, प्रकरणाच्या शेवटी हूल ठेवणं, हा मोडलेल्या वेळाशी केलेला व्यवहार आहे. (दिवाळी अंकाची गंमत याच्या उलट. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून आपण वर्षाचं सर्वांत जाड वाचन तिच्या हातात नेमक्या त्या आठवड्यात देतो, ज्यात तिचे हात चकलीच्या सोऱ्याला लागलेले असतात. दिवाळी अंक घरोघरी खरे वाचले जातात ते मार्गशीर्षात.)

आता दुसरी बाजू. १८५७ साली दोन पुस्तकं निघाली. पॅरिसला फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ आणि इकडे बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’. दोन्हींत लग्न झालेली, वाचता येणारी बाई आहे. एम्मा बोव्हारी कादंबऱ्या वाचून स्वतःच्या आयुष्यावर नाराज होते आणि रसातळाला जाते. यमुना नवऱ्याबरोबर हिंडते, विधवांचे हाल डोळ्यांनी पाहते आणि शहाणी होत जाते. पदमनजींचा धर्मप्रचाराचा हेतू उघड आहे, कलाकृती म्हणून दोन्ही पुस्तकं एका तागडीत घालण्याचा प्रश्नच नाही. पण मराठीतली पहिली म्हणवली जाणारी कादंबरी ही त्याच वेळी बोध करणारं, धीर देणारं पुस्तकही आहे, हे विसरून चालणार नाही. आमच्याकडे कादंबरी आणि प्रेरणेचं पुस्तक ही भावंडं एका पाळण्यात वाढली. राजवाड्यांनी १९०२ च्या ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव अशी वाटणी केली आणि पुढची चर्चा बरीचशी त्या खुंट्याभोवती फिरली. बोधाला समीक्षेने दाराबाहेर बसवलं. घरातल्या बाईने मात्र दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर ठेवली.

ती फळी मी रोज पाहते. माझं बिऱ्हाड गेली काही वर्षं महाळुंग्यात आहे. बालेवाडीचं क्रीडासंकुल जिथे संपतं तिथून मुळा नदीच्या अंगाने पसरलेलं हे मुळशी तालुक्यातलं गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. शेताच्या बांधावर आता वीस-वीस मजल्यांचे मनोरे आहेत आणि सकाळी सगळी रहदारी हिंजवडीच्या दिशेला तोंड करून उभी असते. ती ओसरली की इमारतींत मागे राहतात त्या बऱ्याचशा बायका. त्यांतल्या एका शेजारणीच्या घरी टीव्हीखालच्या फळीवर ‘मृत्युंजय’, ‘ययाति’, ‘अग्निपंख’, ‘एक होता कार्व्हर’ आणि यशाची सूत्रं सांगणारी पाच-सहा भाषांतरित पुस्तकं एकाला एक लागून उभी आहेत. दोन मुलं, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, पोळ्यांना बाई नाही. “ताई, कादंबरीने दिवस विसरते आणि त्या पुस्तकांनी दुसऱ्या दिवशी उठते,” असं त्या मला म्हणाल्या. वाङ्मयप्रकारांची इतकी नेमकी व्याख्या मी समीक्षेच्या ग्रंथांत क्वचितच वाचली आहे. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. ग्रंथ वाचले ते स्वतःच्या हिमतीवर आणि बरेच उशिरा, त्यामुळे माझ्या या विधानाचं वजन वाचकांनी आपापलं ठरवावं.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ९७ मिनिटं, असं आढळलं. मुलांचं आणि आजाऱ्यांचं करणं त्यात धरलेलं नाही, ते वेगळ्या रकान्यात. हा आकडा समोर ठेवून रॉबिन शर्मांचं ‘द फाइव्ह ए. एम. क्लब’ (२०१८) वाचून पाहा. पहाटे पाचला उठा, पहिला तास स्वतःला द्या. माझी शेजारीण पाचलाच उठते. डबे असतात. त्या तासात व्यायाम, चिंतन आणि वाचन बसवायचं तर डबे कुणी भरायचे, हा प्रश्न पुस्तकाला पडत नाही. ही पुस्तकं उथळ आहेत म्हणून समीक्षक नाकं मुरडतात, त्यात मला फारसा रस नाही. त्यांचा खरा दोष असा, की आपला वाचक कोण आहे हे त्यांना माहीत नाही. स्वतःच्या वेळेचा मालक असलेला माणूस धरून ती लिहिली जातात आणि विकली जातात तिला, जिच्या वेळेवर घरातल्या प्रत्येकाचा हक्क आहे. न जमल्याचं खापर मग ती स्वतःच्या इच्छाशक्तीवर फोडते.

अमेरिकेत जॅनिस रॅडवे यांनी प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांचा अभ्यास केला; ‘रीडिंग द रोमान्स’ हे त्यांचं पुस्तक १९८४ चं. त्या बायकांसाठी कथानकाइतकीच पुस्तक हातात घेण्याची कृती मोलाची होती. आता मला हाक मारू नका, एवढं त्यातून घराला सांगता येत असे. रॅडवे यांची शंकाही तितकीच खरी : अशा वाचनाने बाईला विसावा मिळतो आणि घराची व्यवस्था जशीच्या तशी राहते. मराठी वाचकाच्या बाबतीत हे सगळंच्या सगळं लागू पडेल असं मला वाटत नाही, आणि तसं न वाटण्याचं कारण पुन्हा काशीबाईच आहेत.

काशीबाईंनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र लिहिलं. मी वाचली ती १९१२ ची आवृत्ती. आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षांच्याही होण्याआधी, पुण्यात वारल्या. प्रेरणादायी चरित्रासाठी याहून तयार साचा कुठला? लहान मुलगी, हट्टी पण दूरदर्शी नवरा, समुद्र ओलांडणं, पदवी, अकाली मृत्यू. कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत आनंदीबाईंचं चरित्र केलंच होतं. काशीबाईंनी साचा घेतला, आणि त्यात पत्रं घातली. त्यांतल्या एका पत्रात आनंदीबाई अमेरिकेतून नवऱ्यालाच आठवण देतात : दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी खाल्लेला मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, सोडून जाण्याच्या धमक्या. ज्या पुस्तकांनी तिला घडवलं असं आपण सांगतो, तीच पुस्तकं तिच्या अंगावर भिरकावलेलीही होती. हे पत्र गाळलं असतं तर चरित्र अधिक उत्साहवर्धक झालं असतं. काशीबाईंनी गाळलं नाही.

का गाळलं नाही, याचं उत्तर मी त्यांच्या कादंबरीवाचनात शोधते. कादंबरी वाचणारीला दोन बाजू एकदम धरून ठेवायची सवय होते : गोपाळरावांशिवाय आनंदी डॉक्टर झाली नसती, आणि गोपाळरावांनी तिला मारलं. सूत्रांच्या पुस्तकाला यातली एकच बाजू परवडते. श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने हा पेच पुन्हा उचलला आणि लोकप्रिय केला. ती कादंबरी मला आवडते, पण तिचं सगळं आकर्षण गोपाळरावांच्या विक्षिप्तपणाकडे ओढलं जातं, नाव दोघांचं असलं तरी. काशीबाईंच्या चरित्रात गद्य जुनं आहे, रचना विस्कळीत आहे, पत्रं लांबतात. तरी मध्यभागी आनंदीच आहे. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली तर कादंबरीत चरित्र आणि चरित्रात कादंबरी कशी शिरते हे उमगतं. एकेकाळी पाळण्यात एकत्र असलेली भावंडं इथे पुन्हा भेटतात.

अलीकडच्या पुस्तकांपैकी वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) मला या वाटेवरचं वाटतं. गुलामीत जन्मलेला कार्व्हर टस्कीगीच्या नापीक जमिनीवर काय करतो हे त्यात कामाच्या तपशिलाने सांगितलं आहे : माती, खत, भुईमूग, टाकाऊ वस्तूंतून उभी केलेली प्रयोगशाळा. उठा, झटा असं कुणी ओरडत नाही. कचऱ्यातून उपयोगी वस्तू काढणं घर चालवणाऱ्या बाईला परकं नसतं. कार्व्हरचं काम तिला तिच्या कामाच्या भाषेत कळतं. म्हणून हे पुस्तक चाळीसहून अधिक वर्षं घरोघरी टिकलं, असं माझं मत आहे. ते शालेय बक्षिसांमुळे टिकलं असं म्हणणारेही आहेत. बक्षीस मिळालेली पुस्तकं घरात येतात हे खरं, पण ती आईच आधी वाचून काढते, हे अशा हिशेबात कुणी धरत नाही.

मराठी वाचकाचा इतिहास लिहायचा झाला तर साधनं कुठे आहेत? नियतकालिकांच्या वर्गणीदारांच्या याद्यांत नाव बहुधा नवऱ्याचं. गावोगावच्या वाचनालयांच्या नोंदवह्यांत सभासद तो आणि पुस्तक नेणारा मुलगा. वाचलं कुणी, हे कागदावर नाही. सापडतं ते पुस्तकातच : समासातली पेन्सिलची रेघ, पानावर पडलेला हळदीचा डाग, ‘हे खरं आहे’ असा दोन शब्दांचा शेरा. जुन्या वाचनालयांतून रद्दीत निघालेल्या प्रती मी गेली नऊ वर्षं जमवते आहे. त्यांत ‘पण लक्षात कोण घेतो?’च्या तीन प्रती आहेत. तिन्हींत यमूच्या वपनाच्या प्रकरणाची पानं बाकीच्या पुस्तकापेक्षा जास्त मळलेली आहेत, आणि एकीत त्या पानांच्या मध्ये केसातला एक गंजलेला आकडा होता. त्याचा डाग कागदाच्या दोन्ही बाजूंना उमटला आहे.