नारळीकरांच्या कादंबऱ्या : कोणती आवृत्ती घ्यावी?

डॉ. जयंत नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांच्या कादंबऱ्यांचा संच आपल्या शाळेत असावा, असे पिंपरी-चिंचवड, चाकण परिसरातील शिक्षकांना वाटत असेल तर ते योग्यच आहे. पण संच जमवताना मुखपृष्ठाआधी शीर्षकपानाची मागची बाजू पाहावी, असे आम्ही सुचवू. पहिल्या आवृत्तीचे साल तिथे नसेल, तर विज्ञानकादंबरीचे ते पुनर्मुद्रण आम्हाला अपुरे वाटते.

‘प्रेषित’चे उदाहरण घ्या. परग्रहावरून आलेल्या संदेशाची ही कादंबरी १९८३ची. तेव्हा सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याभोवती एकही ग्रह सापडलेला नव्हता. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये जाहीर झाला. चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगाव गाठले की जवळच खोडदला रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्याही तेव्हा उभ्या राहिल्या नव्हत्या. खोडदची सहल करून आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती केवळ ताज्या सालाचे पुस्तक पडले, तर लेखकाने किती पुढचे पाहिले हे त्याला कसे कळावे?

साल दडवण्याहून वाईट म्हणजे मजकूर ‘अद्ययावत’ करणे. जुने यंत्र काढून नवे घालण्याचा मोह संपादकाने आवरावा. खुलासा हवा तर तळटीप द्यावी. ‘व्हायरस’ (१९९६) संगणकाच्या विषाणूविषयी आहे, हे २०२० नंतरच्या वाचकाला एका ओळीत सांगता येते. त्यासाठी कादंबरीला हात लावायला नको.

शिवाय ‘आवृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ हे शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरले जातात. अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळाली तर ती घ्यावी, नवीशी ताडून पाहावी. ग्रंथालयातली जीर्ण प्रत, नवी आली म्हणून, रद्दीत तर मुळीच घालू नये.

‘वामन परत न आला’ (१९८६) मात्र आमच्या भागात आधी वाचावी. चाकणच्या मोटार कारखान्यांत वेल्डिंग करणारे रोबो ज्यांच्या पालकांनी पाहिले आहेत, त्या मुलांना सांगितलेले काम करणारे यंत्र आणि स्वतःसारखे दुसरे घडवू पाहणारे यंत्र यांतला फरक चटकन कळेल. हिची इंग्रजी आवृत्तीही संचात ठेवावी. तिचे नाव ‘द रिटर्न ऑफ वामन’. मराठीतला ‘न’ तिथे कुठे गेला, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.