भोजकटची माहेरभेट : रुक्मिणीकथेतील एक उपेक्षित प्रसंग

अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी असलेले कौंडिण्यपूर हे परंपरेने रुक्मिणीचे माहेर मानले जाते. मराठी कवींनी या माहेराचे स्मरण मुख्यतः स्वयंवराच्या निमित्ताने केले. तेराव्या शतकाच्या अखेरचा महानुभाव कवी नरेंद्र आणि १५७१ मध्ये काशी येथे आपला ग्रंथ सिद्धीस नेणारे एकनाथ, या दोघांच्याही काव्यांचा विषय तोच आहे. विवाहानंतर रुक्मिणी माहेरच्या माणसांत पुन्हा गेली काय, हा प्रश्न साहजिकच त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. भागवताच्या दशमस्कंधात त्याचे उत्तर आहे. ते मात्र सुखद नाही.

रुक्मिणीहरणाच्या वेळी पराभूत व विद्रूप झालेला रुक्मी आपल्या प्रतिज्ञेमुळे कुंडिनपुरास परतला नाही. भोजकट नगर वसवून तो तेथेच राहिला. द्वितीय प्रवरसेन वाकाटकाच्या ताम्रपटात भोजकट राज्यातील गाव म्हणून उल्लेखिलेले चम्मक हे अचलपूरजवळ आहे; तेव्हा हे दुसरे माहेरही वऱ्हाडाच्याच परिसरातले म्हणावे लागते. पुढे वैर मनात असताही, बहिणीला बरे वाटावे म्हणून रुक्मीने आपली कन्या प्रद्युम्नास आणि नात अनिरुद्धास दिली. या दुसऱ्या विवाहासाठी भोजकटास गेलेल्यांत भागवतकार रुक्मिणीचे नाव सर्वांआधी घेतो.

लग्न पार पडल्यावर कलिंगराजाच्या चिथावणीने रुक्मी बलरामाशी द्यूत खेळावयास बसला. बलरामाने जिंकलेला डाव त्याने आपलाच म्हणून सांगितला, वर गवळी म्हणून त्याचा उपहास केला. बलरामाने परिघाच्या प्रहाराने त्यास तेथेच ठार केले. ज्या घरी मंगलकार्य झाले त्याच घरी यजमानाचा वध घडला.

कृष्णाने या कृत्यास बरे म्हटले नाही, वाईटही म्हटले नाही. विष्णुपुराण या मौनाचे कारण रुक्मिणी व बलराम या दोघांचे भय असे देते. भागवत ते स्नेहभंगाचे भय होते असे सांगते. रुक्मिणीच्या मौनाचे कारण मात्र भागवत सांगत नाही. हरणाच्या वेळी हीच रुक्मिणी भावाच्या प्राणांसाठी पतीच्या पाया पडली होती आणि सोयऱ्याला विद्रूप केल्याबद्दल कृष्णास दोष देणारा बलरामच होता. तो पूर्वप्रसंग ध्यानी घेतला म्हणजे भोजकटातील तिच्या निःशब्दतेचे गांभीर्य कळते. येथे हत्या झालेला भाऊ आहे आणि हत्या करणारा दीर आहे. तिने कोणत्या घरासाठी शोक करावा?

स्वयंवरकाव्ये ही मंगलपाठाची काव्ये आहेत, उपवर कन्या त्यांचे पारायण करतात, तेव्हा त्यांत वधाला स्थान नसावे, हा आक्षेप रास्त आहे. कवींना दोष देण्याचे कारण नाही. परंतु अभ्यासकाने काव्याची सीमा हीच कथेची सीमा मानू नये. माहेर हा मराठीत विसाव्याचा शब्द आहे. ओव्यांतून तो तसाच भेटतो. भोजकटच्या प्रसंगात संकट वाटेवरच्या चोरामुळे येत नाही, ते आप्तांच्याच बैठकीत, कपटातून आणि अपमानातून उद्भवते. भावाची माया खरी असूनही त्याचे घर निर्भय राहत नाही. कौंडिण्यपुराहून रुक्मिणीची पालखी दरवर्षी पंढरपुरास, म्हणजे सासरी, जाते. लेकीच्या जाण्याचे स्मरण लोकांनी असे जपले आहे. तिच्या येण्याचे काय झाले, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.