तीस महिन्यांतले दहा

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पाठ्यपुस्तकात एक चित्र हमखास असतं. वरून खाली पायरीपायरीने उतरणारे सात चौकोन : सिस्टिमच्या गरजा, सॉफ्टवेअरच्या गरजा, विश्लेषण, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग आणि शेवटी प्रत्यक्ष वापर. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी हे ‘वॉटरफॉल मॉडेल’ परीक्षेत काढून मार्क मिळवले, आणि पुढे हिंजवडीत नोकरीला लागल्यावर ते कालबाह्य झाल्याचंही ऐकलं. चित्राचं पितृत्व विन्स्टन रॉइसकडे जातं. त्यामुळे छोट्या फेऱ्यांत, बदल सामावून घेत काम करणाऱ्या ‘अजाइल’वाल्यांच्या दरबारात तो कायमचा आरोपी. ज्या निबंधातून हे चित्र आलं तो १९७० साली वेस्कॉन परिषदेत सादर झाला. विषय : मोठ्या सॉफ्टवेअर प्रणालींच्या बांधणीचं व्यवस्थापन. जेमतेम दहा-अकरा पानं आणि दहा आकृत्या. ‘वॉटरफॉल’ हा शब्द त्यात एकदाही येत नाही. ते प्रसिद्ध चित्र ही त्यातली दुसरी आकृती, आणि उरलेल्या आठ आकृत्या तिची डागडुजी करण्यात खर्ची पडल्या आहेत.

निबंधाचा सूर पहिल्या परिच्छेदातच लागतो. रॉइस तेव्हा टीआरडब्ल्यू कंपनीत होता. अवकाशयानांच्या मोहिमांचं नियोजन, यानाला द्यायच्या आज्ञा, उड्डाणानंतरचं विश्लेषण, अशा कामांचं सॉफ्टवेअर त्याने नऊ वर्षं करून घेतलेलं. पण सिद्धान्त मांडण्याचा आव नाही. अनुभवाने माझे काही पूर्वग्रह झालेत, ते सांगतो, असं म्हणून तो कामाला लागतो. पहिल्या आकृतीत दोनच चौकोन आहेत, विश्लेषण आणि कोडिंग. काम लहान असेल आणि बनवणाराच वापरणार असेल, तर एवढं पुरतं. गिऱ्हाईक पैसेही याच दोन गोष्टींसाठी आनंदाने देतं. बाकीच्या पायऱ्यांचे पैसे द्यायला गिऱ्हाईक नाखूश आणि त्या करायला प्रोग्रॅमर नाखूश. दोघांच्याही गळी त्या उतरवणं, हेच मॅनेजरचं मुख्य काम. क्लायंट-मीटिंगमध्ये बसलेल्या कुणालाही हे वाचून गालातल्या गालात हसू येईल. मॅनेजरच्या नोकरीची इतकी थोडक्यात आणि इतकी खरी व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही.

मग दुसरी आकृती, ते सात चौकोन. तिसरीत शेजारशेजारच्या पायऱ्यांमध्ये उलटे बाण येतात. चूक झाली तर एक पायरी मागे जायचं. इथवर सगळं शिस्तीत आहे. आणि मग ते वळण येतं, जे बहुतेकांनी वाचलंच नसावं. ही कल्पना मला पटते, असं म्हणता म्हणता त्याच वाक्यात रॉइस बजावतो की ती अशीच राबवली तर धोका आहे, अपयशाला आवतण आहे. चौथ्या आकृतीत बाण शेजारधर्म सोडतात. टेस्टिंगमधून थेट डिझाइनकडे आणि डिझाइनवरून सॉफ्टवेअरच्या गरजांकडे. काम जिथून निघालं तिथेच परत, आणि वेळ किंवा खर्च दुप्पट होण्याची तयारी ठेवायची.

कारण जिथे सांगितलंय तिथे मात्र थांबून वाचायला हवं. प्रोग्रॅम किती वेळ घेईल, किती मेमरी खाईल, आत-बाहेर माहितीची ने-आण कशी होईल, हे तोवर कागदावर मांडलेलं असतं; अनुभवाला पहिल्यांदा येतं ते टेस्टिंगमध्ये. आणि या गोष्टी काही गणिती भौतिकशास्त्रातल्या विकलक समीकरणांसारख्या सुटत नाहीत. बोलणारा कोण आहे ते ध्यानात घ्या. वैमानिकी अभियांत्रिकीत कॅल्टेकची डॉक्टरेट मिळवलेला माणूस, ज्याच्या आसपास कक्षागणितात बुडालेले अख्खे विभाग होते. गणिताने काय कळतं हे पुरतं ठाऊक असलेल्याने गणिताची हद्द इतक्या शांतपणे आखावी, यातच त्या परिच्छेदाचं वजन आहे.

मग पाच उपाय येतात. त्यांतला तिसरा माझ्या लेखी निबंधाचा गाभा : काम दोनदा करा. प्रोग्रॅम पहिल्यांदाच बनत असेल, तर गिऱ्हाइकाच्या हाती पडणारी आवृत्ती ही खरं तर दुसरी असली पाहिजे. नाटकवाले पहिल्या प्रयोगाआधी रंगीत तालीम करतात, तशी ही तालीम. पण बारकावा पुढे आहे. सगळं दोनदा करा असं तो म्हणत नाही. जिथे घात होण्याची शक्यता आहे तेवढंच. काम तीस महिन्यांचं असेल तर पथदर्शी नमुन्याला दहा महिने द्या, असा रोकडा हिशेबही मांडतो. त्या दहा महिन्यांत अख्खी प्रक्रिया लहान आकारात पार पडते, गरजांपासून वापरापर्यंत. त्यासाठी माणसंही वेगळ्या जातीची हवीत. कुठे पाणी मुरतंय ते त्यांना चटकन कळलं पाहिजे, आणि सरळसोट भाग तूर्त बाजूला ठेवण्याचं धाडस त्यांच्यात पाहिजे.

याच भागात एक कंसातली नोंद आहे, आणि मला ती फार आवडते. नमुना केला नाही तर मॅनेजर माणसांच्या अंदाजांवर विसंबून राहतो, आणि सॉफ्टवेअरच्या बाबतीत ते अंदाज नेहमीच भलते आशावादी असतात. कशासारखे? उड्डाणाच्या वेळी विमानाचं वजन किती भरेल, उरलेल्या कामाला खर्च किती येईल, आणि घोड्यांच्या शर्यतीतल्या ‘डेली डबल’मध्ये कोण जिंकेल, या अंदाजांसारखे. इंजिनिअर, हिशेबनीस आणि जुगारी एकाच कंसात! तांत्रिक निबंधात इतका कोरडा विनोद क्वचित सापडतो, आणि तो नेमका मुद्द्याच्या सांध्यावर बसवलाय.

हे वाचून रॉइसला अजाइलच्या पूर्वजांत बसवावंसं वाटतं, तर दुसरा उपाय आडवा येतो. डॉक्युमेंटेशन किती हवं? भरपूर. पन्नास लाख डॉलरचं यंत्र घ्यायचं तर तीस पानांचा तपशील पुरेल. तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरला दीड हजार पानं लागतील, असं तो ठणकावतो. दुसऱ्यांचा प्रकल्प तपासायला गेलो आणि कागदपत्रं धड नसली, तर माझी पहिली शिफारस म्हणजे मॅनेजर बदला, असंही. हा कडकपणा मला जास्त वाटतो. दीड हजार पानं वाचतो कोण? पण त्यामागची निरीक्षणं हिऱ्यासारखी आहेत. तोंडी हवाल्यावर चाललेल्या प्रकल्पात माणूस महिनोन् महिने ‘नव्वद टक्के झालंय’ म्हणत राहतो. आणि लिहून ठेवलेलं नसेल तर प्रत्येक चूक शोधायला एकच माणूस उरतो; बहुधा ज्याने ती केली तोच, कारण तो भाग दुसऱ्या कुणाला कळतच नाही. ज्याने रात्री दोनला प्रॉडक्शनची भानगड निस्तरली आहे, त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पहिला आणि चौथा उपाय मी भराभर ओलांडतो. चौथ्यातला एकच तपशील सांगण्याजोगा : गळालेलं उणे चिन्ह, राहून गेलेली दोनाने गुणाकाराची खूण, या चुका दुसऱ्या माणसाने नुसत्या डोळ्यांनी वाचून पकडाव्यात, कॉम्प्युटर त्या कामाला फार महाग पडतो. आज कॉम्प्युटर स्वस्त झालाय, तरी सहकाऱ्याने कोड वाचण्याची रीत टिकून आहे.

पाचवा उपाय म्हणजे गिऱ्हाइकाला कामात गुंतवणं. गरजा ठरल्यापासून माल हाती येईपर्यंत कंत्राटदाराला मोकळं सोडणं म्हणजे संकट ओढवून घेणं. म्हणून प्राथमिक डिझाइननंतर, पुढे डिझाइन पक्कं होत असताना आणि शेवटी स्वीकृतीच्या वेळी औपचारिक आढावे. इथे रॉइसची जोडणी पूर्ण दिसते. जे विचाराने ठरवता येतं ते कागदावर आणि आढाव्यांच्या फाटकांत बांधून टाकायचं. जे करून पाहिल्याशिवाय कळत नाही त्याला आधीच वेळ राखून ठेवायचा. आज ‘हायब्रिड’ म्हणून जे सर्रास चालतं, त्यात सुरुवातीला गरजांवर सही, मध्ये दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट आणि शेवटी ठरल्या तारखेला एकदम रिलीज असा मामला असतो. मधले स्प्रिंट वरची सही बदलू शकत नाहीत आणि खालची तारीखही हलवू शकत नाहीत. रॉइसच्या दहा महिन्यांकडे मात्र उरलेल्या वीस महिन्यांचा आराखडा बदलण्याची ताकद आहे.

शेवटचा हिशेबही त्याने झाकलेला नाही. पाचही उपायांना जादा पैसा लागतो हे तो मान्य करतो. साध्या पद्धतीने काम होत असेल तर हा खर्च वाया, हेही. फक्त त्याच्या अनुभवात मोठ्या कामांत ती पद्धत एकदाही यशस्वी झालेली नाही, आणि नंतर सावरायला याहून कितीतरी जास्त पैसा लागला आहे.

उणीव काढायचीच तर ती त्याच्या संकोचात आहे. तालीम एकदाच, तीही आरंभी. पुढे गरजा बदलल्या तर काय, याला निबंधात पुरेसं उत्तर नाही. ते उत्तर पुढच्या दशकात अवकाश क्षेत्रातूनच आलं. नासाच्या स्पेस शटलचं मुख्य उड्डाण-सॉफ्टवेअर आयबीएमने १९७७ ते १९८० दरम्यान बांधलं. गरजा सतत बदलत होत्या, म्हणून एकतीस महिन्यांत सतरा फेऱ्या केल्या, साधारण आठ आठवड्यांची एक. आणि त्याच शटलच्या सॉफ्टवेअरची कागदपत्रं आणि बदलांवरचं नियंत्रण इतकं काटेकोर, की रॉइसला तिथे मॅनेजर बदलायची शिफारस करावी लागली नसती.