शिळा आणि शब्द

रस्त्याच्या कडेला उभा असलेला क्रूस आपल्या वाचकांना नवा नाही. वाटसरू क्षणभर थांबतो, क्रुसाची खूण करतो आणि पुढे जातो. हा क्रूस केवळ एका मरणाची आठवण देत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्या जगण्याचा जाब विचारतो. साहित्यिकाच्या स्मारकालाही हीच कसोटी लावावी, असे आम्हांस वाटते.

रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्याजवळ मालगुंड हे गाव आहे. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत, म्हणजेच कृष्णाजी केशव दामले, यांचा जन्म १८६६ साली येथेच झाला. कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचे स्मारक येथे उभारले. ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कवीचे कौलारू घर जपलेले आहे आणि आवारातील शिळांवर त्यांची कविता कोरलेली आहे. कवीला त्याच्याच शब्दांतून भेटवावे, ही योजकांची दृष्टी निःसंशय मोलाची आहे. हारतुऱ्यांपुरत्या उरलेल्या पुतळ्यांपेक्षा ती कितीतरी सरस.

तरीही एक शंका मनात राहते. केशवसुत ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे प्लेगने वारले, तेव्हा त्यांच्या नावावर एकही कवितासंग्रह नव्हता. तो १९१७ साली हरि नारायण आपटे यांनी प्रसिद्ध केला. हे त्यांचे पहिले स्मारक. दगडाचे स्मारक त्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी आले. आज दुसऱ्याला भेट देणाऱ्यांपैकी किती जण पहिले उघडतात?

शिळेवर मावते ते उद्गार. कवीची अस्वस्थता तिच्यावर मावत नाही. ‘तुतारी’ सर्वांना ठाऊक असते. पण १८८८ साली लिहिलेली ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ ही कविता? ज्याची सावलीही विटाळ मानली गेली, असा एक पोर आपल्या आईकडे येऊन विचारतो, हे असे का? सनातनी घरात जन्मलेल्या, बावीस वर्षांच्या तरुणाने हा प्रश्न त्या मुलाच्या तोंडून विचारला, यात त्याची खरी थोरवी आहे. तेथे अलंकार नाहीत, आवेश नाही. एका लेकराचे न कळणे तेवढे आहे. म्हणूनच ती कविता उपदेशाहून अधिक खोल जाते.

आम्ही ख्रिस्ती लोकांनी हा प्रश्न शेजाऱ्याच्या दारात ठेवून निघून जाऊ नये. एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेणारी माणसे सोयरीक जुळवताना एकमेकांची जात विचारतात, हे आम्ही धर्मग्रामांतून पाहिले आहे. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू येशूने संदेष्ट्यांच्या कबरी बांधून त्यांची वाणी विसरणाऱ्यांना कठोर शब्दांत फटकारले आहे. तो आसूड आपल्याही पाठीवर येतो.

मराठीतील पहिले सुनीत म्हणून गौरविल्या गेलेल्या कवितेचे शीर्षक केशवसुतांनी ‘मयूरासन आणि ताजमहाल’ असे दिले. शहाजहानने दोन्ही घडविली. सत्तेचे आसन १७३९ साली नादिरशहाने लुटून नेले; प्रेमाचे स्मारक राहिले. मालगुंडची शिळाही प्रेमानेच उभी केलेली आहे. तिला भेट जरूर द्यावी. मात्र परतल्यावर घरातील मुलांना जवळ बसवून ती एक कविता मोठ्याने वाचावी, आणि त्यांनी काही विचारलेच तर उत्तर टाळू नये.